पन्नाशी न बघणारी एसटी

दर हिवाळ्यात पेपरच्या शहर पुरवणीत एक फोटो येतोच येतो. चकचकीत पॉलिश मारलेली १९३०-४० सालातली कुठलीतरी मोटार, आत फेटा बांधलेले मालक, भोवती मोबाईल उंच धरून उभी असलेली गर्दी आणि वर मथळा: जुन्या गाड्यांची पुणेकरांना भुरळ. (भुरळ हा शब्द मराठी पत्रकारांनी विंटेज गाड्या आणि गुलाबी थंडी या दोनच गोष्टींसाठी राखून ठेवलाय असा मला दाट संशय आहे.)

त्या गर्दीत मीही असतो. कुणी बॉनेट उघडलं की कोपरं मारत पुढे घुसणाऱ्यांतला. त्यामुळे पुढचं सगळं जळफळाट म्हणून वाचू नका. पण गेली काही वर्षं अशा प्रदर्शनांत फिरताना मी मनातल्या मनात हजेरी घेतो. ब्यूक? हजर. ऑस्टिन, मॉरिस, फियाट? हजर, हजर, हजर. एसटी? ... टेंपो? ... दुधाची गाडी? वडापची जीप? तंबू सिनेमाचा ट्रक? कुणी नाही. आख्खा महाराष्ट्र ज्या गाड्यांतून बाजाराला गेला, लग्नाला गेला, दवाखान्यात पोचला, त्यातली एकही नाही.

आणि हा योगायोग नाही. नियमच तसा आहे.

दिवसभर रिक्वायरमेंटचे कागद वाचून वाचून मला नियम वाचायची वाईट खोड लागली आहे, त्यामुळे हाही वाचला. १५ जुलै २०२१ रोजी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'विंटेज' ही कायदेशीर जात तयार केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी. चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर. चांगला नियम आहे. ज्यांनी लिहिला त्यांना गाड्यांची माया आहे हे जाणवतं.

फक्त तो लागू कुणाला? दुचाकींना, आणि एम-वन गटातल्या चारचाकींना. एम-वन म्हणजे ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त ८ माणसं बसतील अशी प्रवासी गाडी. थोडक्यात, कार. बस त्यात नाही. ट्रक नाही. तीनचाकी टेंपो तर नाहीच नाही.

आता दुसरा नियम बघा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाडी १५ वर्षांची झाली की तिची नोंदणी संपते आणि ती रीतसर मोडीत काढायची. केंद्र, राज्य, महापालिका, सार्वजनिक उपक्रम, आणि हो, एसटीसारखी परिवहन महामंडळंसुद्धा. सूट आहे ती लष्कराच्या आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्यांना.

हे दोन नियम शेजारी शेजारी ठेवा. समजा, उद्या मंत्रालयाला उपरती झाली आणि बसला विंटेजच्या नियमात घेतलं. तरी काय होणार? विंटेज व्हायला पन्नास वर्षं लागतात आणि एसटीला पंधराव्या वर्षी मरायचं आहे. आमच्या धंद्यात याला 'अनरीचेबल कोड' म्हणतात, म्हणजे प्रोग्राम जिथवर कधी पोचूच शकत नाही अशी ओळ. बरेच कंपायलर तिथे निदान वॉर्निंग तरी देतात. गॅझेट देत नाही.

लगेच गैरसमज नको म्हणून सांगतो, पंधरा वर्षांच्या नियमाला माझा विरोध नाही. वरंधा घाट पावसाळ्यात काय असतो ते ज्याने पाहिलंय तो तिथे खिळखिळी गाडी पाठवा म्हणणार नाही. भोरच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला नवी कोरी, वेळेवर येणारी, खिडक्या धड लागणारी बस मिळालीच पाहिजे. आपल्या शनिवार-रविवारच्या हळहळीसाठी गावकऱ्यांनी जुन्या गाडीत आदळत बसायचं, हा शुद्ध शहरी चोंबडेपणा झाला. प्रश्न हजारो गाड्या मोडण्याचा नाहीच. त्या हजारांतली एकसुद्धा बाजूला काढून ठेवायची सोय नसण्याचा आहे.

मुंबईकरांनी हे २०२३ साली अनुभवलं. १९३७ पासून धावणारी बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबरला शेवटची धावली आणि ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही संपली. शेवटची पद्मिनी २००३ सालची, टॅक्सीची मुदत २० वर्षं, हिशोब पुरा. पण मुंबईची बात न्यारी. तिथे शेवटच्या दिवशी गाडीला हार घालायला फोटोग्राफर हजर होते, लेख आले, लोक रडले. बेस्टचं आणिक आगारात स्वतःचं संग्रहालय आहे. भोर-वेल्ह्याच्या गाडीसाठी कोण रडणार? ती एका संध्याकाळी आगारात येते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी सुटते, बस्स.

भोर हे एके काळचं संस्थान. पंतसचिवांचा राजवाडा अजून उभा आहे आणि सिनेमावाल्यांचा लाडका आहे. त्यामुळे भोर आणि जुन्या गाड्या म्हटलं की डोळ्यांपुढे राजवाड्यासमोर उभी केलेली, शूटिंगसाठी भाड्याने आणलेली मोटार येते. कोल्हापूरकरांचं सोडा, त्यांची मेबॅक खरीखुरी त्यांची आहे. दसऱ्याला ती दसरा चौकात येते तेव्हा लोक तिच्याकडे देवाच्या पालखीकडे बघावं तसे बघतात. नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) कॅव्हलरी टँक म्युझियममध्येही रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे आणि ती पाहिली की रोल्स रॉइस म्हणजे फक्त राजेरजवाड्यांचं खेळणं हा समज कायमचा जातो. या गाड्या जपल्या ते उत्तमच झालं. पण भोर-वेल्ह्याचा मोटारीचा इतिहास राजवाड्याच्या दारात घडलेला नाही. तो कापूरहोळला घडला, चेलाडी फाट्यावर घडला, मार्गासनीच्या रस्त्यावर आणि भोरच्या एसटी स्टँडवर घडला. (२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायला मंजुरी दिली, पण माझ्या तोंडात आपलं वेल्हंच येतं.)

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. बेडफर्ड कंपनीची ३० सीटची गाडी, ड्रायव्हर किसन राऊत, कंडक्टर लक्ष्मण केवटे. ही नावं लक्षात राहिली हे विशेषच, कारण आपल्याकडे गाडीचा मालक लक्षात राहतो, चालवणारा नाही. नंतर चॅसी कंपन्यांकडून घेऊन त्यावर बॉडी बांधायचं काम एसटी स्वतःच्या कारखान्यांत करू लागली आणि त्यातला एक आपल्या दापोडीला आहे. म्हणजे एसटीची बस ही विकत आणलेली वस्तू नव्हे, ती इथल्या फिटर, वेल्डर, पत्रेवाल्यांनी घडवलेली गाडी. वर चढायची शिडी, टपावर सामानाचा कठडा, दाराशेजारी कंडक्टरची सीट, घंटीची दोरी. कोकणात, घाटात, देशावर एकच साचा चालला पाहिजे म्हणून केलेलं हे डिझाइन. ब्यूक अमेरिकेत हव्या तेवढ्या सापडतील. दापोडीची जुनी ॲल्युमिनियम बॉडी इथे संपली की जगात संपली.

टेंपोचं तर आणखी गमतीशीर आहे. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी जर्मनीच्या विडाल कंपनीशी सहकार्य करून बजाज टेंपो सुरू केली. 'टेंपो' हे त्या जर्मन गाडीचं ब्रँडचं नाव. आज मराठीत टेंपो म्हणजे कुठलाही छोटा मालट्रक. कंपनीने २००५ साली स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं तरी मराठीने टेंपो सोडला नाही. गाडीने भाषेत एवढं घर करावं आणि प्रदर्शनात तिला उभं राहायला जागा नसावी! पुढे एक चाक, मागे दोन, लांब नाकाचा तो हॅन्सीट टेंपो जर्मनीत जुन्या गाड्यांचे शौकीन जपून ठेवतात. इथे तो तीनचाकी, म्हणून नियमाबाहेर. मॅटाडोरचं दार बाजूला सरकवून त्यात कांद्याची पोती, शाळेची सहल आणि वऱ्हाड हे तिन्ही वेगवेगळ्या दिवशी भरलेलं असायचं. तीही मालवाहू म्हणून नोंदवलेली असेल तर बाहेरच.

आणि जीप. तोरणा उतरून आल्यावर वेल्ह्याच्या अलीकडे एका वाडीत चहासाठी थांबलो होतो, तिथली. गोठ्याला लागून, चाकं काढलेली, विटांवर उभी. टपावर भाताचा पेंढा, बॉनेटवर वाळत घातलेली गोधडी आणि आत कोंबड्या. मी वाकून चॅसीची पट्टी शोधायला लागलो तसे घरातले आजोबा बाहेर आले.

"पाव्हणं, काय हरवलं का?"

"नाही आजोबा, गाडी बघत होतो."

"त्यात काय बगायचं? कोंबड्या हायेत."

मग चहा आला आणि चहाबरोबर गाडीची कुंडली. जीप त्यांनी पुण्यात जुन्यात घेतली, तेव्हा पेट्रोलवर होती. पेट्रोल परवडेना म्हणून भोरच्या एका मिस्त्रीकडून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. मागे दोन बाकडी आडवी टाकली, वर कॅरियर चढवलं, पायऱ्या लांब केल्या. सकाळी दुधाचे कॅन, दिवसभर वडाप. किती माणसं बसायची म्हणून विचारलं तर म्हणाले, "बसायची ती मोजायची. लटकायची ती न्हाय मोजायची." पावसात एकदा ओढ्याला पाणी आलेलं असताना गावातल्या एका बाईला अडलेली म्हणून रात्री नसरापूरला पोचवलं, ती मुलगी आता स्वतः दोन पोरांची आई आहे. भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेलाय. मुलाला त्या जागी पिकअप लावायची आहे. आजोबा दोघांनाही एकच उत्तर देतात, "मंग कोंबड्या कुटं ठिवू?"

हसू नका. त्या वाडीपुरतं तरी जतनाचं सगळ्यात परिणामकारक धोरण त्या कोंबड्यांचंच आहे.

महिंद्रांनी १९४९ साली मुंबईत माझगावला विलिज जीप जोडायला सुरुवात केली, आणि डांबर पोचायच्या आधी अशा डोंगरी तालुक्यांत पोचली ती जीपच. आजोबांची जीप ५० वर्षांची आहे असं धरा. एक हौशी श्रीमंत गिऱ्हाईक आलं, त्याने ती घेतली आणि रिस्टोअर करायला टाकली. काय होईल? मॅटाडोरचं इंजिन काढलं जाईल. शोधाशोध करून मूळ पेट्रोल इंजिन येईल. बाकडी, कॅरियर, लांब पायऱ्या सगळं कापून भंगारात. पत्रा घासून, लांबी भरून, ओव्हनमध्ये भाजलेला ऑलिव्ह ग्रीन रंग. बॉनेटवर पांढरा तारा. ज्या गाडीने उभ्या जन्मात दुधाचे कॅन वाहिले ती नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्याच्या थाटात प्रदर्शनात उभी राहील, आणि बक्षीसही मिळवेल. आणि हे असं न करता आहे तशी ठेवली तर? बदललेलं इंजिन हा मोठा फेरफार, म्हणून विंटेज नोंदणी अडणार. म्हणजे खरा इतिहास सांगणारी गाडी अपात्र आणि तो पुसून टाकणारी पात्र.

रिस्टोरेशन या शब्दाशी माझं खरं भांडण इथे आहे. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ सापडते. वर कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, हे काढू नका. नवा आलेला पोरगा उत्साहात काढतो, आणि महिनाअखेरीस पगाराची फाईल निघायची बंद होते. ती ओळ कुरूप असते, पण कुठल्यातरी खऱ्या अडचणीला दिलेलं ते उत्तर असतं. मॅटाडोरचं इंजिन बसवलेली जीप ही तशी ओळ आहे. पेट्रोल महाग, चढ मोठे, भाडं कमी, या तिन्हींना भोरच्या एका मिस्त्रीने पाना हातात घेऊन दिलेलं उत्तर. इंजिनाचे फाउंडेशन नव्या जागी वेल्ड करणं, गिअरबॉक्सशी जोड जमवणं, वाढलेलं वजन पेलायला पुढचे पाटे वाढवणं, हे त्याने कुठल्या मॅन्युअलात वाचलं नव्हतं. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मला यातलं काही करता येईल असा विश्वास कुणी दिला नाही.

जगात हा विचार नवा नाही. जुन्या गाड्यांची 'फिवा' नावाची जागतिक संघटना १९६६ पासून आहे. तिची 'तुरिनची सनद' जुन्या इमारतींच्या जतनासाठी केलेल्या १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेवरून बेतलेली आहे. सार एवढंच की आधी आहे ते टिकवा, अगदी गरज असेल तिथेच नवं करा, केलेल्या कामाची नोंद ठेवा, आणि गाडीच्या चालत्या आयुष्यात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचा भाग समजा. फिवा ऐतिहासिक गाडीला ५० नव्हे, ३० वर्षं पुरे मानते, आणि तिथे ट्रक-बस परके नाहीत. इंग्लंडमध्ये तर जुन्या ट्रक, बस आणि मालगाड्यांचीच वेगळी लंडन ते ब्रायटन फेरी दर मे महिन्यात निघते.

टिकवायचं म्हणजे नुसतं उभं करून ठेवायचं असंही नाही, हे मात्र मिस्त्री लोक बरोबर सांगतात. वेल्ह्याच्या पावसात चॅसीच्या पोकळीत पाणी साचतं आणि गंज आतून खातो. वरून पत्रा शाबूत दिसतो आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार जातो. म्हणून पहिलं काम रंग नव्हे, तर धुणं, वाळवणं, ज्या भागाला हात लावणार त्याचा फोटो काढून नंबर टाकणं, आणि गंज थांबवणं. मग ब्रेक. मग इंधनाची लाईन, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ते जुन्या रबरी पाइपांना आणि वॉशरांना मानवत नाही. किंगपिन, बुश मिळत नाहीत. ते लेथवर करून घ्यावे लागतात. ब्लॉक बोअर करून स्लीव्ह बसवणारी माणसं तालुक्याच्या गावांत अजून आहेत, पण ती साठीच्या पुढची. त्यांची मुलं शोरूममध्ये गाडीला स्कॅनर जोडून एरर कोड वाचतात. म्हणजे माझ्यासारखंच काम करतात, फक्त त्यांच्या हाताला थोडं ग्रीस लागतं. :)

आता एका बेडफर्डची गोष्ट सांगतो. १९६७ च्या सुमारास ब्रिटनच्या तंत्रज्ञान मंत्रालयाने सात फिरते सिनेमे बांधून घेतले. बेडफर्डची चॅसी, वर पारदर्शक घुमट असलेली बॉडी, आत छोटं थिएटर. कारखान्यांच्या दारात जाऊन कामगार आणि मॅनेजरांना उत्पादनाच्या नव्या पद्धतींच्या फिल्म दाखवायच्या हा हेतू. सातांपैकी एकच वाचली, तीही वर्षानुवर्षं उघड्यावर सडून. मग काही वेड्या लोकांनी ती दुरुस्त केली आणि ती पुन्हा गावोगाव सिनेमे दाखवायला लागली. तिच्यावर लेख आले, टीव्ही कार्यक्रम झाले. रास्त आहे. सरकारी प्रचाराची गाडी असली म्हणून काय झालं, चीज देखणी आहे.

पण फिरता सिनेमा ही काय इंग्रजांनी आपल्याला सांगायची गोष्ट आहे? सुगी झाली की जत्रा, जत्रा म्हटली की तंबू, आणि तंबूच्या तोंडाशी ट्रक. तो ट्रक नुसता तंबू वाहायचा नाही. प्रोजेक्टर ट्रकातच बसवलेला असायचा. मागचा भाग म्हणजे प्रोजेक्शनची खोली, तिथून झोत तंबूत. दिवसा त्याच ट्रकवर भोंगा लावून गावातून जाहिरात. सरकारच्या क्षेत्रीय प्रसिद्धीवाल्यांच्या गाड्याही अशाच फिरायच्या, पडदा बांधून माहितीपट दाखवायच्या. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजबरोबर वर्षानुवर्षं हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची खास दखल घेतली गेली. त्यातल्या गंजक्या, कुरकुरणाऱ्या ट्रककडे बघून मी आधी हळहळलो आणि मग हिशोब केला. फिल्मच्या रिळांचा जमाना २०१० नंतरच्या दोन-चार वर्षांत संपला. रिळांबरोबर प्रोजेक्टर गेला, प्रोजेक्टर गेला की तो ट्रक फक्त एक जुना ट्रक उरतो, आणि जुना ट्रक वजनावर विकतात. माहितीपट राहिला, गाडी नाही. इंग्लंडात सातांतली एक तरी राहिली.

यावर ऑफिसात जेवताना मी हे बोललो तेव्हा मिळालेली उत्तरं अपेक्षित होती. जागा कुठंय? पैसे कोण देणार? एसटी आधीच तोट्यात. प्रदूषणाचं काय? आणि सगळ्यात लाडकं, बघायला कोण येणार?

प्रदूषणाचं उत्तर सोपं आहे. वर्षातून दोनदा आगाराला चक्कर मारणारी एक बस जेवढा धूर सोडेल त्याच्या कितीतरी पट धूर आम्ही कंपनीच्या बसमध्ये बसून हिंजवडीच्या सिग्नलला रोज बघतो. पैशाचं खरं आहे, ते मी उडवून लावत नाही. पण एक बस भंगारात न घालण्याचा खर्च म्हणजे तिच्या भंगाराची किंमत आणि वर एक पत्र्याची शेड. बाकी देखभालीला हौशी लोक मिळतात. एसटीवर जीव टाकणारे, नंबरावरून आगार सांगणारे, पुठ्ठ्याची हुबेहूब लालपरी बनवणारे लोक या राज्यात कमी नाहीत. त्यांना पुठ्ठ्याऐवजी खरा पत्रा द्या.

आणि बघायला कोण येणार? दर शनिवार-रविवारी राजगड, तोरणा, मढे घाट करत पुण्या-मुंबईचे किती लोक चेलाडी फाट्यावरून आत वळतात ते तिथल्या वडापाववाल्याला विचारा. किल्ला बघून येतात, सेल्फी काढतात, पिठलं-भाकरी खातात आणि परत जातात. ज्या रस्त्याने आले तो रस्ता होण्याआधी इथली माणसं पुण्याला कशी यायची, हा प्रश्न त्यांना पडत नाही कारण तो पडेल असं काही वाटेत उभंच नाही. भोरमध्ये एक शेड. आत एक एसटी, एक वडापची जीप, एक हॅन्सीट, एक मॅटाडोर, आणि मिळालाच तर एक तंबू सिनेमाचा ट्रक. संध्याकाळी त्याच ट्रकमधून बाहेरच्या भिंतीवर सिनेमा दाखवा. माझी तिकिटाची तयारी आहे.

नियमात फारसं काही करावं लागत नाही. विंटेजच्या व्याख्येत बस, ट्रक आणि तीनचाकी घाला. सरकारी गाड्यांच्या मोडीच्या नियमात जशी लष्कराला सूट आहे तशी एक ओळ जतनासाठी घाला: प्रत्येक जातीच्या बॉडीची एखादी गाडी महामंडळाला बाजूला काढता यावी. नोंदणी रद्द होऊ दे, रस्त्यावर येऊ नको म्हणा, प्रवासी बसवू नको म्हणा, फक्त कापू नका. पस्तीस वर्षं ती शेडमध्ये उभी राहील आणि मग पन्नाशीची झाली की रीतसर २०,००० रुपये भरून 'व्हीए' नंबर घेईल. आणि इंजिन बदललेलं असेल, पण तो बदलच तीस वर्षं जुना असेल, तर त्याला फेरफार न म्हणता गाडीचा भाग म्हणा. आजोबांच्या जीपचा प्रश्न त्यात सुटतो. कोंबड्यांसाठी खुराडं आपण वर्गणी काढून बांधून देऊ.

राहता राहिली ती गाडी निवडायची कशी, ही बाब. आगारातली सगळ्यात स्वच्छ, नुकतीच रंगवलेली गाडी उचलू नका. मुक्कामाची उचला. वेल्ह्याकडच्या एखाद्या गावात रात्री थांबून पहाटे पुण्याला निघणारी, टपावरची शिडी वाकलेली, तांदळाच्या पोत्यांनी मागची बाकडी घासून गुळगुळीत झालेली. सीटच्या पाठीवर खिळ्याने कोरलेल्या बदामात कुणाकुणाची नावं असतील. त्यांच्यावर रंग मारू नका.